पाट, तीन पेले आणि पोटरीवरचा ठोका

मनोवाचनाच्या प्रयोगात लपवलेल्या यंत्राकडून फार मागू नये. प्रेक्षकाला माहीत असलेली एकच गोष्ट त्यानं तुमच्यापर्यंत आवाज न करता पोचवावी. बाकीचं काम तुमचं. तयार उपकरणं ऑनलाइन मिळतात, पण ती महाग असतात आणि कोट-पँट घातलेला पुरुष डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मनोवाचनाचे प्रयोग करते, तेही बहुतेक वेळा साडी नेसून. म्हणून माझं यंत्र मी स्वतः बांधते. कसं, ते इथे सांगते.

प्रयोग असा: जेवायला बसायचा साधा लाकडी पाट, त्यावर तीन पितळी पेले आणि बुद्धिबळातलं एक लाकडी प्यादं. तुम्ही पाठ फिरवता, प्रेक्षक कुठल्याही एका पेल्याखाली प्यादं लपवतो आणि तुम्ही तो पेला ओळखता. प्याद्याच्या बुडात चुंबक असतं, पाटाच्या पोटात चुंबक ओळखणारे तीन सेन्सर असतात आणि तुमच्या पोटरीला कंप पावणारी छोटी मोटर बांधलेली असते. जादूत चुंबक काही नवं नाही. फ्रान्सचे जादूगार रॉबेर-हूदँ यांच्याकडे एक छोटी पेटी होती. तिच्या तळाला लोखंड आणि रंगमंचाखाली विद्युतचुंबक. प्रवाह सोडला की ती पेटी भल्याभल्यांना उचलता येत नसे. १८५६ साली फ्रेंच सरकारनं त्यांना अल्जीरियाला पाठवलं तेव्हा तिथेही त्यांनी ती दाखवली.

सुरुवात प्याद्यापासून करा. बुडाचं बनातीचं कापड काढा. आत वजनासाठी लोखंडाचा तुकडा असेल तर तो पूर्ण काढून टाका, कारण तो चुंबकाचं क्षेत्र वेडंवाकडं करतो. मग १० मिलिमीटर व्यासाचं, ५ मिलिमीटर जाडीचं निओडिमियम चुंबक आडवं बसेल असं भोक पाडा, अॅराल्डाइटनं ते पक्कं करा आणि बनात परत चिकटवा. चिकटवण्यात काटकसर करू नका. असली चुंबकं सुटून मुलांच्या पोटात गेली, आणि एकापेक्षा जास्त गेली, तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात. मग गाठ थेट शस्त्रक्रियेशी. शाळेत प्रयोग असेल तर मी प्यादं शेवटपर्यंत नजरेआड होऊ देत नाही. पेसमेकर बसवलेल्या माणसाला मंचावर बोलावू नका. प्यादं हातात घेऊन छातीजवळ धरायची सवय सगळ्यांनाच असते.

पेले पितळेचे किंवा तांब्याचेच हवेत. पुण्यात असाल तर तांबट आळीत जा आणि खिशात एक चुंबक घेऊन जा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा, तो पेला घेऊ नका. पेल्याचं तोंड प्याद्याच्या बुडापेक्षा फार तर दोन सेंटिमीटरनं मोठं असावं. हे माप मी चवीचं म्हणून सांगत नाही. सगळा प्रयोग त्यावर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चुंबकाचं क्षेत्र अंतराबरोबर फार वेगानं ओसरतं. मी सांगितलेल्या मापाचं चुंबक सेन्सरपासून एक सेंटिमीटरवर असेल तर साधारण ३०० गाउस (गाउस म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्र मिळतं. दोन सेंटिमीटरवर ते निम्मं होत नाही, जवळपास पाचव्या हिश्शावर येतं. ही झाली उभ्या अंतराची गोष्ट. खरी अडचण आडव्या सरकण्यात आहे. चुंबक सेन्सरच्या वर एका सेंटिमीटरवर असताना ते बाजूला साधारण दीड सेंटिमीटर सरकलं, तर सेन्सरला जवळजवळ काहीच दिसत नाही. क्षेत्ररेषा तिथे आडव्या झालेल्या असतात आणि सेन्सर फक्त उभा घटक मोजतो. आणखी सरकलं तर थोडं दिसतं, पण उलट्या चिन्हाचं. म्हणजे पेला रुंद असेल आणि प्रेक्षकांतल्या काकूंनी प्यादं कडेला ठेवलं तर यंत्र व्यवस्थित चालू असूनही मुकं राहील. अरुंद तोंडाच्या पेल्यात प्यादं मध्यापासून सेंटिमीटरभरच हलू शकतं, तेवढं चालतं.

पेला तरी नेमका सेन्सरवर कसा येणार? त्यासाठी पाटावर तीन कमळं रंगवा, प्रत्येक कमळ पेल्याच्या तोंडाएवढं. लोक आपोआप पेला कमळावर ठेवतात. सांगावंही लागत नाही, आणि सांगायचं नाहीच.

पाटाचा मोठा फायदा म्हणजे त्याच्या खाली आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे यंत्राला जागा आयतीच मिळते. सुताराकडून प्रत्येक कमळाच्या बरोबर मध्याखाली खालच्या बाजूनं खोबण करून घ्या. वर चार मिलिमीटर लाकूड शिल्लक राहिलं पाहिजे, त्याहून पातळ केलं तर चिरतं. दोन कमळांच्या मध्यांमध्ये किमान १२ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे शेजारच्या सेन्सरला प्याद्याची चाहूल लागत नाही. खिळे लोखंडी असतील तर काढून पितळी स्क्रू बसवा.

सेन्सर ४९ई जातीचा घ्या. हा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर. दुकानात नुसता हॉल सेन्सर मागितला की बरेच दुकानदार ए३१४४ हातात ठेवतात. तो नुसता चालू-बंद होणारा आहे आणि एकाच ध्रुवाला दाद देतो. ४९ई क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देतो. चुंबक नसताना पुरवठ्याच्या निम्मं, आणि चुंबक आलं की ध्रुवाप्रमाणे वर किंवा खाली. त्यामुळे प्याद्यात चुंबक कुठल्या बाजूनं बसलंय याची काळजी उरत नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळे सुटे भाग मिळतात.

पाटाखाली ईएसपी-३२ चा, म्हणजे वायफाय असलेल्या छोट्या कंट्रोलर चिपचा, साधा डेव्हकिट बोर्ड बसवा. तिन्ही सेन्सरना त्याच्याच ३.३ व्होल्टवरून पुरवठा द्या आणि आउटपुट ३२, ३३ आणि ३४ या पिनांना जोडा. दुसऱ्या पिना रिकाम्या दिसल्या तरी मोहात पडू नका. या चिपमधला दुसरा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) गट वायफाय चालू असताना काम करत नाही. टेबलावर चाचणी घेताना सगळं छान चालतं आणि वायफाय सुरू केलं की आकडे बिघडतात. विद्यार्थी इथे हमखास अडकतात. प्रत्येक सेन्सरच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

पुरवठ्याला १८६५० चा एक लिथियम सेल, संरक्षणासह टीपी४०५६ चार्जर आणि व्होल्टेज चढवायला एमटी३६०८. सेल थेट बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनला जोडू नका. बोर्डावरचा रेग्युलेटर स्वतःच एक व्होल्टच्या आसपास खातो, मग चिपला पुरेसं उरत नाही आणि ती मध्येच रीसेट होते. एमटी३६०८ चा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ५ व्होल्ट दिसल्यावरच बोर्ड जोडा. बोर्डावरचा लाल दिवा डीसोल्डर करा. अंधाऱ्या मंचावर पाटाखालून येणारा लाल उजेड पहिल्या रांगेला दिसतो.

प्रोग्रॅमचं मर्म थोडक्यात सांगते. चालू केल्यावर पाट रिकामा असताना तिन्ही सेन्सरची सरासरी नोंदवा, तो तुमचा शून्यबिंदू. त्यानंतर प्रत्येक वेळी ३० एक वाचनांची सरासरी घेऊन शून्यबिंदूपासूनचा फरक काढा आणि चिन्ह सोडून द्या. सर्वांत मोठा फरक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल आणि तो सेकंदभर टिकला, तरच तो पेला खरा धरा. नाहीतर प्रेक्षक प्यादं एकावरून दुसऱ्यावर नाचवत असताना तुमची पोटरी थरथरत राहील. शून्यबिंदू घरी ठरवून चालत नाही, प्रयोगाच्या टेबलावरच ठरवायचा. तापमान बदलतं, आणि मंडळांमध्ये मिळणारं टेबल बहुतेक वेळा लोखंडी घडीचं असतं. शक्य असेल तर लाकडी टेबल मागा. लोखंडाला चिकटून असलेल्या अँटेनाचा पल्लाही घटतो.

कुठला पेला ते पाटाकडून अंगावरच्या बोर्डाला कळवणारा संदेश ईएसपी-नाऊ या बिनतारी पद्धतीनं पाठवा. त्याला राउटर लागत नाही, एक बोर्ड दुसऱ्या बोर्डाच्या मॅक पत्त्यावर (प्रत्येक बोर्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) थेट पाकीट पाठवतो. बोर्ड स्टेशन मोडमध्येच ठेवा. अॅक्सेस पॉइंट चालू राहिला तर प्रेक्षकांच्या मोबाइलवर वायफायच्या यादीत एक अनोळखी नाव झळकतं. आणि एन्क्रिप्शन चालू करा, म्हणजे मधल्या कोणाला संदेश वाचता येत नाही. १९८६ साली अमेरिकेत पीटर पॉपॉफ हा धर्मोपदेशक भक्तांची नावं आणि आजार ईश्वरी प्रेरणेनं ओळखतो असं सांगत असे. भोंदूंचं पितळ उघडं पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या सहकाऱ्यांनी सभागृहात रेडिओ स्कॅनर नेला तेव्हा ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्याच्या बायकोचा आवाज सापडला. लोकांची माहिती ती त्याच्या कानातल्या रिसीव्हरमध्ये वाचून दाखवत होती.

ही गोष्ट मी फक्त एन्क्रिप्शनसाठी सांगत नाही. पॉपॉफचं यंत्र आणि आपलं यंत्र एकाच जातीचं आहे. फरक असेल तर तो आपण तोंडानं काय सांगतो त्यात. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा त्याखाली गुन्हा आहे. माझ्या प्रयोगाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: माझ्यात कुठलीही सिद्धी नाही, तुम्ही आज जे पाहाल ती कला आणि सराव आहे. हे सांगितल्यानं प्रयोगाची मजा कणभरही कमी होत नाही. प्रयोगानंतर कोणी हात पुढे करून मुलीच्या लग्नाचं विचारलं तर तिथेच, सगळ्यांसमोर, मला हे कळत नाही असं स्पष्ट सांगा. परीक्षेसाठी असलं काही बनवून द्या म्हणून कोणी आलं तर दारातूनच परत पाठवा.

आता अंगावरचा भाग. इथे झिआओ ईएसपी-३२ सी३ हा बोर्ड वापरा. तो नखाएवढा असतो आणि त्यावर लिथियम बॅटरी चार्ज करायची सोय आहे. मोटर १० मिलिमीटरची, नाण्यासारखी चपटी, ३ व्होल्टची. ती थेट पिनला जोडली तर पिन जळेल. मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहमचा रोधक आणि मोटरच्या दोन टोकांवर उलट दिशेनं १एन४१४८ डायोड लावा. ट्रान्झिस्टरचे पाय मल्टिमीटरनं तपासून घ्या. याच नावाच्या आसपासच्या काही प्रकारांत कलेक्टर आणि एमिटर अदलाबदल झालेले असतात. २५० ते ३०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी पुरते. ऐकत राहणारा बोर्ड साधारण ८० मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे दोन तास निर्धास्त राहता येतं.

बॅटरी कापडात शिवून अंगाला लावू नका. ती वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. प्लॅस्टिकच्या चपट्या टणक डबीत बोर्ड आणि बॅटरी ठेवा. साडीत ही डबी परकराच्या आतून शिवलेल्या खिशात, कमरेच्या बाजूला, अँटेना बाहेरच्या दिशेला करून छान बसते. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं, म्हणून डबी पाट ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या कमरेला हवी. तिथून बारीक वायर मोटरपर्यंत. सलवार किंवा पँट असेल तर सगळंच औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नी-कॅपमध्ये मावतं.

मोटर पोटरीच्या मांसल भागावर ठेवा. घोट्याच्या हाडावर, पैंजणाजवळ किंवा साखळीजवळ ठेवली तर घरघर ऐकू येते, आणि कॉलर माइक ती नेमकी उचलतो. बनातीच्या दोन थरांत गुंडाळून शांत खोलीत मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐका. पहिल्या पेल्याला एक ठोका, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ठोका १५० मिलिसेकंदांचा आणि मधलं अंतर किमान २५०, नाहीतर बोलताना मोजणी चुकते. याशिवाय पाटाकडून दर अर्ध्या मिनिटाला एक अगदी हलका ठोका येऊ द्या. तो येतोय तोवर जोडणी जिवंत आहे. ही खूण नसेल तर शांतता आणि बिघाड यांतला फरक कळत नाही. रिकाम्या सभागृहातली चाचणी पुरेशी मानू नका. तीनशे मोबाइल आत आले की हवेत लहरींची गर्दी होते.

ठोका थांबलाच तर? पेल्यांच्या कडेला नक्षीची एकेक बारीक खूण ठेवा आणि सुरुवातीला तिन्ही खुणा स्वतःकडे वळवून मांडा. उचललेला पेला परत ठेवताना माणूस तो क्वचितच त्याच दिशेनं ठेवतो. वळून पाहिल्यावर फिरलेली खूण कुठली ते एका नजरेत कळतं. यंत्र नसलेल्या काळातली ही युक्ती आहे आणि मी ती प्रत्येक प्रयोगात तयार ठेवते.

उत्तर तुम्हाला पाठ फिरवलेली असतानाच मिळतं. म्हणून वळल्यावर लगेच बोट दाखवू नका. मी आधी विचारते, "काकू, पहिल्यांदा मनात आलेला पेला बदललात का?" मग एक रिकामा पेला अलगद उचलते, थोडं थांबते, दुसरा रिकामा उचलते. तिसरा काकूंनाच उचलू देते, कारण टाळ्या त्यांच्या हातात प्यादं दिसल्यावर पडतात.

प्रयोग संपल्यावर पाट कोणाच्या हाती देऊ नका, प्यादं खुशाल द्या, पण त्याचं जुळं साधं प्यादं. घरी आल्यावर बॅटऱ्या सुट्या करा. महिनाभर प्रयोग नसेल तर त्या पूर्ण भरून ठेवण्यापेक्षा ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, जास्त टिकतात. विमानानं जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, टोकांना टेप लावून हातातल्या बॅगेत घ्या, आणि तपासणीला विचारलं तर जादूच्या प्रयोगाचं सामान आहे असं सरळ सांगा.