बीबीसी मायक्रोवर जुने डायल-अप नेटवर्क जोडताय? या चुका टाळा

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, यंत्रांच्या देखभालीचे काम करत असल्याने एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या सिरीयल केबलशी माझा रोजचा संबंध येतो. त्यामुळेच १९८४ च्या सुमारास ‘क्लास’ या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून शाळांत आलेला आणि पुढे भंगारात गेलेला एखादा बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक कोणाच्या हाती लागला, की त्यावर प्रेस्टेल या फोन लाइनवरून माहितीची पाने दाखवणाऱ्या ब्रिटिश सेवेसारखे जुने नेटवर्क पुन्हा चालू करण्यासाठी मंडळी माझ्याकडे येतात. चुका मात्र दर वेळी त्याच असतात.

पहिली चूक म्हणजे संगणक घरी आणताच प्लग लावून बटण दाबणे. वीजपुरवठ्यातील पिवळसर पारदर्शक कपॅसिटरांच्या आवरणाला इतक्या वर्षांत तडे गेलेले असतात, आत ओल शिरलेली असते आणि काही मिनिटांतच खोली उग्र धुराने भरते. ते दोन्ही कपॅसिटर मी आधी बदलतो. ‘चालू तर होतोय ना’ हा युक्तिवाद मी ऐकून घेत नाही.

दुसऱ्या चुकीत मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. कारखान्यातल्या सवयीने मी पाठवणे, घेणे आणि ग्राउंड अशा तीनच तारांची केबल बनवली, वायफाय मोडेम (जुन्या मोडेमच्या आज्ञा समजणारी, पण फोनऐवजी वायफायने जोडणारी पेटी) जोडला आणि मोडेमला हाक देणारी एटी ही आज्ञा टाइप करून त्याच्या ओकेची वाट पाहत बसलो. पडदा ढिम्म. मी चिपवर संशय घेतला, ती बदलली, केबल पुन्हा सोल्डर केली, तरीही परिणाम शून्य. बीबीसी मायक्रोला सीटीएस या तारेवर ‘पाठव’ असा इशारा मिळाल्याशिवाय तो एक अक्षरही बाहेर सोडत नाही, हे दुसऱ्या रात्री लक्षात आले. आरटीएस (संगणकाची ‘मी तयार आहे’ सांगणारी तार) आणि सीटीएस प्लगमध्येच एकमेकांना जोडले, तरीही ओके उमटेना, कारण त्या पाच पिनांच्या गोल सॉकेटमध्ये प्लग उलटाही तितक्याच सहज बसतो आणि माझा उलटा बसला होता. आता कोणतीही केबल बनवली, की प्लगच्या वरच्या बाजूस नेलपॉलिशचा ठिपका देतो. घरचे हसतात, पण ठिपका पुसत नाही.

ईएसपी ८२६६ या वायफाय चिपचे बोर्ड स्वस्त मिळतात म्हणून ते थेट संगणकाच्या या सिरीयल पोर्टला जोडणारे अधीर नवशिके तर मोजण्यापलीकडे आहेत. ती चिप ३.३ व्होल्टची आहे आणि पोर्टवर उणे व्होल्टेजही येते, त्यामुळे मध्ये मॅक्स ३२३२ सारखा व्होल्टेज जुळवणारा कन्व्हर्टर हवाच. त्याला लागणारी अर्ध्या तासाची मेहनत वाचवून बोर्ड जाळण्यात कोणता शहाणपणा आहे, हे मला समजलेले नाही. शिवाय ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय पकडते, एवढे राउटरवर आधीच पाहून घ्यावे.

वेगाची घाई हा त्याच स्वभावाचा दुसरा नमुना आहे. सेकंदाला १९२०० बिटांच्या वेगाची हमी निर्मात्यांनीच दिलेली नव्हती, तरी सुरुवात तिथूनच होते. मी १२०० वर सुरू करतो. संगणकावर टाइप करायच्या स्टार-एफएक्स ७ (*FX 7) या आज्ञेने येणाऱ्या माहितीचा वेग ठरतो आणि स्टार-एफएक्स ८ ने जाणाऱ्या. दोन्ही आज्ञा द्याव्या लागतात, पण एकच देऊन लोक थांबतात. हे दोन वेग वेगळे ठेवण्याची सोय उपयोगाची होती, कारण १९७९ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले प्रेस्टेल आणि १९८३ पासून त्यावर चाललेले घरगुती संगणकवाल्यांचे दालन मायक्रोनेट ८०० यांत माहिती १२०० च्या वेगाने येई आणि ७५ च्या वेगाने जाई.

खऱ्या फोन लाइनवर मोडेमची शिट्टी ऐकण्याचा हट्टही सोडावा. फायबरवरून येणाऱ्या लँडलाइनवर आवाजाचे पॅकेट होतात आणि प्रतिध्वनी दाबला जातो. बोलणे नीट ऐकू आले, तरी मोडेमचा सूर बिघडतो. वायफाय मोडेममध्ये एटीडीटी या नंबर फिरवण्याच्या आज्ञेनंतर फोन नंबराऐवजी सर्व्हरचे नाव आणि पोर्ट द्यायचा असतो, इतकाच फरक.

जोडणी होऊनही पडद्यावर अक्षरांची खिचडी दिसली, तर केबल उपसण्यापूर्वी टर्मिनल प्रोग्रॅममधील (मोडेमशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममधील) पॅरिटी, म्हणजे प्रत्येक अक्षरासोबत जाणाऱ्या तपासणीच्या बिटाची मांडणी, तपासावी. मूळ प्रेस्टेलला सात बिट आणि इव्हन पॅरिटी लागे. नवशिके मात्र सवयीने आठ बिट, पॅरिटी नाही असे ठेवतात आणि मग रात्री अकरा वाजता मला फोन करतात.