कॅप्चर चालू असताना लाइव्ह ग्राफ दिसत नव्हता, शेवटी असा जमला

यूएसबी ऑसिलोस्कोपवर (लॅपटॉपला जोडून सिग्नलचा ग्राफ दाखवणारं यंत्र) दोन चॅनेल लावले होते, एकावर प्रेशर सेन्सर आणि दुसऱ्यावर मोटरचा करंट. कॅप्चर सुरू केलं की स्क्रीन कोरी, आणि बरोबर 20 सेकंदांनी सगळा ग्राफ एकदम यायचा, मधे सेन्सरची वायर निघाली तरी पत्ता लागायचा नाही.

ड्रायव्हर परत टाकला, केबल बदलली, लॅपटॉप बदलला, फरक शून्य. दोन दिवस नुसती चिडचिड.

खरं कारण म्हणजे सॉफ्टवेअर ब्लॉक मोडवर होतं, त्यात सॅम्पल, म्हणजे मोजलेले आकडे, आधी डिव्हाइसच्या मेमरीत साठतात आणि ब्लॉक भरला की मगच पीसीकडे येतात.

आता क्रमाने. आधी कॅप्चर पूर्ण थांबवा, कारण चालू असताना मोडचा ऑप्शन बदलताच येत नाही. मग ट्रिगर (ठरावीक सिग्नल आला की मगच कॅप्चर सुरू करणारी सेटिंग) बंद करा, त्यानंतर मोड स्ट्रीमिंग करा, त्यात सॅम्पल साठून न राहता सतत पीसीकडे येत राहतात. मग सॅम्पलिंग रेट (दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे किती सॅम्पल घ्यायचे ते) उतरवा, मी सेकंदाला 10 लाखांवरून 10 हजारांवर आणला, म्हणजे 2 चॅनेल आणि प्रत्येक सॅम्पलला 2 बाइट धरले तर 4 एमबीऐवजी फक्त 40 केबी दर सेकंदाला, आणि 50 हर्ट्झच्या करंटला तरीही एका सायकलमध्ये 200 पॉइंट मिळतात, भरपूर झाले. शेवटी डिस्प्लेची सेटिंग ॲव्हरेजऐवजी मिन-मॅक्स (सरासरीऐवजी सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा दाखवणारी) ठेवा, हे अजिबात विसरू नका, नाहीतर बारीक स्पाइक फाइलमध्ये असतात पण स्क्रीनवर दिसत नाहीत.

आता स्टार्ट दाबलं की रेघ लगेच सरकायला लागते, सेन्सरवर बोटाने दाब दिला की त्याच क्षणी वर उचलते, आणि फाइलही सोबतच सेव्ह होत राहते.