स्कीइंगला निघण्यापूर्वी बर्फाचा अंदाज कसा वाचावा

‘डोंगरावर ३० सेंटिमीटर बर्फ’ असा अंदाज दिसला की बरेच जण रजा टाकून मोकळे होतात. माझं ऐकाल तर त्या आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघा. बर्फ किती उंचीवर पडणार, पडताना वारा कुठला असेल आणि पडून झाल्यावर त्याचं काय होणार, यावर स्कीइंगचा दिवस ठरतो. ३० सेंटिमीटर पडूनही दिवस वाया जाऊ शकतो आणि आठवडाभर काही न पडताही सकाळ झकास जाऊ शकते.

१. आधी तीन उंच्या लिहून घ्या

तळ, मधलं स्टेशन आणि सगळ्यात वरची लिफ्ट (स्की करणाऱ्यांना डोंगरावर चढवणारे पाळणे) या तिन्हींची समुद्रसपाटीपासूनची उंची रिसॉर्टच्या नकाशावर असते. ती हाताशी नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. फोनवरचं साधं हवामान ॲप बहुधा दरीतल्या गावाचं तापमान दाखवतं, आणि हवा सरासरी दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते. म्हणजे गावात ३ अंश असेल तर हजार मीटर वर साधारण उणे साडेतीन. निरभ्र, शांत रात्रीनंतर कधीकधी उलटंच होतं: थंड हवा दरीत साचते आणि माथा खालच्यापेक्षा उबदार असतो.

ज्यावरून अंदाज निघतो त्या संगणकातल्या हवामान मॉडेललाही डोंगर नीट दिसत नाही. ते नकाशाचे चौकोन पाडून हिशोब करतं. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या मॉडेलचा एक चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकेच्या जीएफएस या मॉडेलचा सुमारे १३ किलोमीटरचा. एवढ्या जागेत शिखर आणि दरी यांची सरासरी निघते आणि डोंगर बुटका होतो. त्यामुळे उंचीनुसार वेगवेगळा अंदाज देणारी सेवा निवडा. त्या डोंगराचा अभ्यास असलेल्या हवामानतज्ज्ञाने हाताने लिहिलेला अंदाज मिळाला, तर त्याहून उत्तम.

२. शून्य अंश कुठे आहे ते शोधा

अंदाजात ‘फ्रीझिंग लेव्हल’ असा एक आकडा असतो, म्हणजे ज्या उंचीवर हवा शून्य अंशावर येते ती पातळी. बर्फाचे कण त्या पातळीखाली आल्या आल्या वितळत नाहीत. पाऊस आणि बर्फ यांची सीमा बहुधा तिच्या दोन-तीनशे मीटर खाली असते. पडणारं पाणी जोरदार असेल तर ती आणखी खाली सरकते, कारण वितळताना बर्फ भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतो.

एक उदाहरण करून बघू. तळ १५०० मीटर, मधलं स्टेशन १९०० मीटर, माथा २५०० मीटर. फ्रीझिंग लेव्हल २१०० मीटर. मग सीमा साधारण १८०० ते १९०० मीटरवर येईल. तळाला पाऊस, मधल्या स्टेशनवर चिकट, पाणीदार बर्फ, आणि माथ्यावर उणे अडीच अंशांत पडलेला खरा बर्फ. मथळ्यात मात्र तिन्ही ठिकाणांसाठी एकच आकडा झळकत असतो! आणि माथ्याची लिफ्ट वाऱ्यामुळे बंद पडली, तर तुमच्या वाट्याला फक्त खालची चिखलराड येते.

३. सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर बघा

मॉडेल मुळात पाण्याचा हिशोब करतं. त्याचा बर्फ किती होईल हे नंतर ठरतं. ढोबळ नियम असा: १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ सेंटिमीटर बर्फ. शून्याच्या आसपास तेवढ्याच पाण्याचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर भरतो, तर कडक थंडीत दीड-दोन सेंटिमीटर. सैबेरियातली थंड हवा जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलून होक्काइदोच्या डोंगरांवर आदळते, म्हणून तिथला बर्फ हलका आणि कोरडा. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात पॅसिफिकवरची तुलनेने उबदार, ओली हवा येते. तिथल्या जड बर्फाला स्कीवाले ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात.

आता एक बारकावा, जो कुठल्याही ॲपमध्ये ठळक दिसत नाही. वादळ चालू असताना तापमान कोणत्या दिशेने चाललंय ते तासागणिक बघा. आधी उबदार आणि नंतर थंड होत गेलं, तर खाली जड आणि वर हलका असा थर बसतो. स्की छान तरंगते. उलट झालं, म्हणजे हलक्या बर्फावर जड बर्फ पडला, तर स्कीची टोकं आत रुततात, वळणं घेताना पाय भरून येतात, आणि उतारही अस्थिर होतो. पहिल्या प्रकारचे १५ सेंटिमीटर मला दुसऱ्या प्रकारच्या ४० पेक्षा केव्हाही चालतील.

दिवसांचं म्हणाल, तर पाच-सहा दिवसांपलीकडचा सेंटिमीटरचा आकडा वाचूच नका. त्यातून फक्त कल घ्या. युरोपीय केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलत तेच मॉडेल ५१ वेळा चालवतं. त्या ५१ उत्तरांत एकवाक्यता असेल तर भरवसा ठेवा. काही उत्तरं शून्य आणि काही ६० म्हणत असतील, तर ‘सरासरी ३०’ या आकड्याला अर्थ नाही.

४. वारा

दिशा पहिली. ओली हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि बर्फ टाकते. पलीकडच्या उतारावर खाली उतरणारी हवा कोरडी आणि उबदार होते. आल्प्समध्ये वायव्येकडून वारा आला की उत्तर बाजू भरते आणि दक्षिणेकडे अनेकदा लख्ख ऊन असतं. प्रत्येक स्की क्षेत्राची एक ‘लाभणारी’ दिशा असते. ती कळली की अर्धा अंदाज तुमचा तुम्हीच बांधू शकता.

मग वेग, आणि तोही कड्यावरचा. जोराच्या झोतांत उघड्या कड्यावरच्या लिफ्ट सुरक्षेसाठी थांबवतात. वारा ताजा बर्फ एका बाजूने खरवडून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो, त्यामुळे एकाच रात्रीनंतर एक उतार टणक आणि शेजारची घळ मांडीभर बर्फाने भरलेली, असं सर्रास दिसतं. कपड्यांसाठीही हाच आकडा बघा: उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे अंगाला उणे २० सारखी थंडी.

५. पडून गेलेल्या बर्फाचा माग काढा

बर्फ पडल्या क्षणापासून बदलू लागतो. शेवटची हिमवृष्टी कधी झाली, त्यानंतर पाऊस झाला का, दुपारी शून्याच्या वर जाऊन रात्री गोठलं का, हे मागच्या चार-पाच दिवसांचं बघा. पाऊस आणि त्यावर कडक थंडी, म्हणजे सकाळी काचेसारखा बर्फ. अशा दिवशी रात्री ग्रूमिंग यंत्र (बर्फ फोडून सपाट करणारं यंत्र) फिरवलेल्या उतारांवरच राहा.

वसंतात तर घड्याळच सगळं सांगतं. रात्र निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग उष्णता आकाशात सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी घट्ट गोठतो. उत्तर गोलार्धात मग ऊन आधी पूर्वेकडचे उतार मऊ करतं, नंतर दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. या क्रमाने फिरलात तर प्रत्येक ठिकाणी वरचे दोन-तीन सेंटिमीटर दाणेदार आणि मऊ मिळतात. या बर्फाला ‘कॉर्न’ म्हणतात. रात्र ढगाळ गेली तर हे चक्र मोडतं आणि सकाळी दहालाच लगदा झालेला असतो.

६. रिसॉर्टचा रिपोर्ट जरा जपून वाचा

‘बेस’ म्हणजे आत्ता जमिनीवर साचलेला बर्फ, ‘२४ तास’ म्हणजे नवा, आणि ‘सीझन टोटल’ म्हणजे हंगामात पडलेल्या सगळ्याची बेरीज. त्यातला बराच बर्फ दबून किंवा वितळून गेलेला असतो. मोजमाप कुठल्या उंचीवरचं आहे तेही बघा. खाली गवताळ माळ असेल तर थोडा बेस पुरतो, खडक असतील तर मीटरभरही अपुरा.

मोजणारा आणि तिकीट विकणारा एकच असतो, हे विसरू नका. अमेरिका आणि कॅनडातल्या रिसॉर्टच्या आकड्यांचा दोन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा शनिवार-रविवारी ‘पडणारा’ बर्फ इतर दिवसांपेक्षा जास्त निघाला. ढगांना वार कळत नाहीत! स्की करणाऱ्यांना जागेवरूनच फोनवर खरी स्थिती कळवता येऊ लागली, तशी ही अतिशयोक्ती झपाट्याने घटली. तेव्हा वेबकॅम उघडा. बऱ्याच ठिकाणी सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या पट्टीवर कॅमेरा रोखलेला असतो.

७. आखलेल्या उतारांबाहेर जाणार असाल तर

हिमस्खलनाचं बुलेटिन वाचल्याशिवाय जायचं नाही. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. मधली ३ ही ‘मध्यम’ वाटते, पण युरोपात हिमस्खलनातल्या बळींचा सर्वात मोठा वाटा पातळी ३ च्या दिवसांचा असतो. बहुतेक थर ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, त्यातही वाऱ्याने बर्फ आणून टाकलेल्या बाजूला जास्त. मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला उन्हाचा दिवस सगळ्यात मोहात पाडणारा आणि सगळ्यात फसवा. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठिकाणा कळवणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ती वापरता येणारा सोबती नसेल, तर गस्ती पथकाने उघडलेल्या हद्दीतच राहा.

८. निघायच्या सकाळी

तीनच गोष्टी तपासा: कोणत्या लिफ्ट चालू आहेत, कड्यावरचा वारा किती आहे, आणि दिसतंय किती. बर्फ पडत असताना उघड्या माथ्यावर जमीन आणि आकाश एकच होतं, चढ-उतार कळत नाहीत. अशा वेळी झाडीतले उतार धरा, खोडांमुळे नजरेला आधार मिळतो. गॉगलची फिकट काच खिशात असू द्या. ऊन असेल तर गडद काच आणि सनस्क्रीन हवंच: ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखालची आणि नाकपुड्यांखालची त्वचाही भाजते.