लांबच्या राईडच्या दोन बाटल्या

माझ्या सायकलवर दोन बाटल्या असतात, एक पांढरी आणि एक निळी. पांढरीत साधं पाणी, निळीत साखर-मीठ-लिंबू. राईड तीन तासांची असो की तेरा तासांची, गेली दहा वर्षं ही वाटणी तशीच आहे. बदलत गेलं ते निळीतलं प्रमाण. ते प्रमाण दुकानातल्या चकचकीत डब्यांनी नाही, घरातल्या वजनकाट्याने ठरवलं. शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, हेही आहेच.

मोजायला लागले ते मात्र एका फजितीनंतर. माझी पहिली ब्रेव्हे होती (शर्यत नव्हे, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड), २०० किलोमीटरची. साडेतेरा तासांत संपवायची असते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे मी अगदी शब्दशः घेतलेलं. घड्याळात दर पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि तो वाजला की तहान असो-नसो, चार-पाच मोठे घोट. सगळं साधं पाणी. दुपारी एका थांब्यावर हातमोजा काढायला गेले तर निघेना. बोटं फुगली होती, अंगठी मांसात रुतली होती. डोकं जड, पोटात ढवळतंय. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून आणखी प्यायले! घरी येऊन सहज काट्यावर उभी राहिले तर सकाळपेक्षा ८०० ग्रॅम जास्त. साडेबारा तास पायडल मारून वजन वाढलेलं.

घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. भरपाई नुसत्या पाण्याने आणि तीही गरजेपेक्षा जास्त केली, की रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. ते लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली उतरलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्के लोकांना तो झालेला निघाला. आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना धोका जास्त होता. माझ्या रक्तात त्या दिवशी काय होतं हे कुणी तपासलं नाही, पण त्यानंतर गजर बंद केला तो कायमचा. राईडमध्ये बोटं सुजली, मळमळतंय आणि लघवीही पाण्यासारखी होतेय असं दिसलं तर पिणं थांबवा. उलट्या किंवा बोलण्यात असंबद्धपणा सुरू झाला तर सायकल तिथेच ठेवून थेट दवाखाना.

आता काटा. एखाद्या दिवशी, जमेल तर ज्या हवेत मोठी राईड करायची आहे तशाच हवेत, दोन तास नेहमीच्या वेगाने सायकल चालवा. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आल्यावर घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा करा. घामाने भिजलेली जर्सी अंगावर ठेवून वजन केलं तर सगळं मुसळ केरात, कारण जो घाम गेला म्हणून मोजायचा तोच कापडात बसलेला असतो. माझा एक हिशेब सांगते: निघताना ६१.४ किलो, आल्यावर ६०.२. म्हणजे १.२ किलो गेलं. वाटेत ७५० मिलि प्यायले होते, ते त्यात मिळवायचं. एकूण घाम झाला १.९५ लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ एक लिटर. थंडीच्या दिवसांत हाच आकडा निम्म्यावर येतो. माणसामाणसांत फरक तर विचारू नका. तासाला अर्धा लिटर घाम येणाराही असतो आणि दीड लिटरच्या वर जाणाराही. ही चाचणी दोन-तीन तासांपुरतीच खरी धरा. त्यापुढे शरीरातलं इंधन जळूनही वजन उतरतं आणि सगळी घट पाण्याच्या नावावर टाकता येत नाही.

जेवढा घाम गेला तेवढं सगळं भरून काढायचं नसतं. ७० किलोच्या माणसाचं दिवसअखेर किलोभर वजन उतरलं तर चालतं, दीड किलोच्या आसपास गेलं की मी पुढच्या वेळी बाटली वाढवायला सांगते. वजन वाढलं तर मात्र काहीतरी चुकलंच. सायकलवर आणखी एक फसवणूक असते. वारा लागून घाम जागच्या जागी सुकतो, त्यामुळे किती गेला ते कळतच नाही. चढावर वेग पडला की तोच घाम एकदम हनुवटीवरून टपकायला लागतो. काळी जर्सी घालून पाहा. वाळल्यावर तिच्यावर पांढऱ्या रेघा उमटत असतील तर तुम्ही खारट घामाची मंडळी, निळ्या बाटलीत मीठ थोडं वाढवा.

तासा-सव्वा तासाच्या राईडला काय प्यावं? पाणी. तेही तहान लागली तर. एवढ्यासाठी पावडर घोळत बसायची गरज नाही. दोन तासांच्या पुढे गेलात की साखर आणि मीठ दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकत्र का, यातच खरी गंमत आहे. लहान आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आत घेणारं एक दार असतं, पण ते ग्लुकोजला एकट्याने आत सोडत नाही. सोबत सोडियम लागतं. दोघं जोडीने आत गेले की मागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाबावर देतात ती ओआरएसची पुडी याच तत्त्वावर चालते.

मग ओआरएसच का नको? हे मला सगळ्यात जास्त विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि साधारण १७०० मिलिग्रॅम सोडियम असतं. मीठ भरपूर, साखर जेमतेम. जुलाबाच्या रोग्याला ते बरोबर आहे, पण चार तास पायडल मारणाऱ्याच्या पायांना ५०-५५ कॅलरींनी काय होणार? फार घाम गेलेल्या दिवशी, राईड संपल्यावर मी एक पुडी जरूर घेते. एक मात्र सांभाळा. माझ्या एका सोबत्याने लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी केली, ‘दुप्पट फायदा’ म्हणून. पुढचे वीस किलोमीटर तो झुडपं शोधत होता.

माझ्या निळ्या बाटलीचं प्रमाण असं. ७५० मिलि पाणी, ४५ ग्रॅम साखर (म्हणजे सपाट साडेतीन मोठे चमचे), १ ग्रॅम मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. साखर-मीठ आधी कपभर कोमट पाण्यात विरघळवून घ्या, मग बाटलीत ओता. नाहीतर साखर तळाशी बसते आणि शेवटचे तीन घोट पाक लागतात. एक ग्रॅम मीठ म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. चिमटीवर विसंबू नका. माझी चिमूट नि तुमची चिमूट यांत दुपटीचा फरक निघू शकतो. छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. एक ग्रॅम मिठातून सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. तेवढ्याने सगळी भरपाई होत नाही, बाकीचं खारट खाण्यातून येतं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे प्रमाण आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.

साखर ४५ ग्रॅमच का? कारण त्याने द्रावण ६ टक्के होतं. ६ ते ८ टक्क्यांपर्यंतचं पेय पोटातून बऱ्यापैकी वेगाने पुढे सरकतं. त्याहून दाट झालं की पोट ते धरून ठेवतं, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला आत डचमळ ऐकू येते. बहुतेक फळांचे रस १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून गोड असतात, वर त्यांत सोडियम जवळजवळ नाहीच. रसच आवडत असेल तर निम्मं पाणी घालून चिमूटभर मीठ टाका. इथे चिमूट चालेल.

साध्या साखरेला नाक मुरडू नका. तिच्यात निम्मं ग्लुकोज नि निम्मं फ्रुक्टोज असतं, आणि फ्रुक्टोजचं आतड्यातलं दार वेगळं असतं. नुसतं ग्लुकोज शरीर तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच वापरू शकतं. दोन्ही मिळून दिलं तर सवयीने ९० पर्यंत जाता येतं. सवयीने म्हणजे खरोखर सवयीने, पहिल्याच दिवशी ९० ग्रॅम घालून पाहू नका. मी ५०-६० वर खूश आहे, आणि त्यातलं निम्मं खाण्यातून घेते.

तयार पेय घ्यायचं तर डब्याची पुढची बाजू बघूच नका. धावणारा माणूस, वीज, बर्फाचे तुकडे यांतलं काहीच आपल्याला प्यायचं नाहीये. मागचा तक्ता वाचा आणि आकडे १०० मिलिचे आहेत की ‘एका सर्व्हिंग’चे ते आधी पाहा. १०० मिलिला ६ ते ८ ग्रॅम कर्बोदकं आणि ४० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असेल तर ठीक. बाटलीत फसफसणाऱ्या बिनसाखरेच्या गोळ्या मीठ देतात, इंधन देत नाहीत. म्हणजे खाणं वेगळं हवं. आणि स्पोर्ट्स ड्रिंक नि एनर्जी ड्रिंक ही भावंडं नव्हेत. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिच्या डब्यात साधारण ८० मिलिग्रॅम कॅफीन आणि २७ ग्रॅम साखर असते, म्हणजे ११ टक्क्यांच्या घरात. निळ्या बाटलीची जागा त्याला देऊ नका.

कॅफीनशी माझं वैर नाही. बेताच्या कॅफीनने सगळं पाणी लघवीवाटे निघून जातं ही भीती सायकल चालवताना तरी फोल आहे. शेवटच्या तासा-दीड तासासाठी कोलाही चालतो, मात्र त्यातला वायू काढून. मी एकदा कोला तसाच बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं होतं. खडबडीत उतारानंतर तोंडाने झडप उघडली आणि चष्मा, नाक, हँडल, सगळं चिकट. आता उघड्या भांड्यात ओतून ढवळते, फेस बसला की मगच भरते.

दारू नको, हे सांगायला लागू नये. पण एकेकाळी टूर द फ्रान्स या शर्यतीतले सायकलपटूही पाण्याला मोताद असत आणि वाटेतल्या कॅफेंमध्ये घुसून हाताला लागेल ते ढोसत. १३ जुलै १९६७ला ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन याच शर्यतीत, फ्रान्समधल्या मों व्हाँतू डोंगराच्या चढावर, रणरणत्या उन्हात कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक औषधं आणि दारू दोन्ही सापडली होती.

आता चवीचं. चवीला मी आकड्यांइतकंच वजन देते, कारण जे सातव्या तासाला घशाखाली उतरत नाही त्याचं सूत्र कितीही अचूक असून उपयोग काय? सकाळी थंडगार असताना झकास लागणारं मिश्रण दुपारी अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट होतं आणि नुसतं गोडमिट्ट लागतं. म्हणून नवं मिश्रण केलं की बाटली दोन तास उन्हात ठेवा आणि मग प्या. तेव्हा तोंड वाकडं झालं नाही तरच ते राईडला न्या. आदल्या रात्री बाटली एक तृतीयांश भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवली तर सकाळी वरून ओतलेलं पेय दोन-तीन तास तरी थंड राहतं. काठोकाठ भरून गोठवू नका, बाटली फुगून सायकलवरच्या बाटलीच्या पिंजऱ्यात बसत नाही. सहा तासांनंतर गोडाचा वीट येतो तेव्हा मी अर्ध्या साखरेच्या जागी माल्टोडेक्स्ट्रिन घालते. ते कर्बोदकच, पण गोडी फार कमी. साखर निम्मी, मीठ तेवढंच आणि बाकीचं खाण्यातून, हाही मार्ग आहे. पांढरी बाटली इथेच कामाला येते: गोड घोटानंतर तोंड खळखळायला, खाताना प्यायला, आणि कडक उन्हात मानेवर ओतायला. साखरेचं पाणी मानेवर ओतून पाहिलंय. माश्या पुढच्या गावापर्यंत सोबत येतात.

किती प्यायचं, याला माझं उत्तर तहान हेच आहे, घामाच्या आकड्याची नजर ठेवून. थंडीत आणि लांब उतारावर तहान कळत नाही, म्हणून तिथे बाटलीकडे मुद्दाम बघते. तासाभरात निळी अर्धीही उतरली नसेल तर दोन घोट घेते, गटागटा नाही.

घरी आल्यावर पहिलं काम बाटलीचं, अंघोळ नंतर. साखरेच्या बाटलीच्या झडपेत एका रात्रीत काळी बुरशी धरायला सुरुवात होते. झडप बोटांनी ओढून बाहेर काढा, लहान ब्रशने आतून घासा, गरम साबणपाण्यात बुडवा आणि बाटली नि झाकण वेगवेगळं उपडं ठेवा. झाकण लावून ठेवलेल्या बाटलीत ओल राहते, आणि पुढच्या रविवारी पहिल्याच घोटाला कळतं.