फेटा आपला की त्यांचा? आधी बांधून तर बघा

लग्नसराईत मेनरोडला फेट्याचं कापड घ्यायला गेलं की एकतरी जण हमखास बोलतोच, "अरे हा तर राजस्थानी साफा, आपला कुठला." आमच्याकडे मागच्या लग्नात नवरदेवाचा मारवाडी दोस्त आणि बेळगावकडचे एक काका यांची यावरून अशी जुंपली की वरात अर्धा तास लेट. काका म्हणे म्हैसूरच्या राजांचा पेटा बघा, नावसुद्धा आमचंच!

तर असं झालं की मी काय करतो ते सांगतो.

आधी कापड आणि बांधणं वेगळं करा. बांधणी, लहरिया ही कापडं राजस्थानकडचीच, ते मान्य करून टाका, निम्मं भांडण तिथंच मिटतं. मग 8-9 मीटरचं, मीटरभर रुंद कापड घ्या, रुंदीत चुण्या घाला, एक टोक मागे हातभर सोडा (हा शेमला) आणि पीळ देत तिरका वेढा घ्या, एक उजव्या कानावरून, पुढचा डाव्या, म्हणजे कपाळावर मधोमध कोन येतो. आत बोट जाईल इतकंच घट्ट, नाहीतर अक्षता पडेपर्यंत डोकं ठणकतं. शेवटचं टोक चुण्या करून वर खोचलं की तुरा. तो आडवा पडत असेल तर कापडाला खळ कमी आहे, सरळ पिन लावा, लाजू नका. जोधपुरी साफ्यात तुऱ्यापेक्षा पाठीवरच्या लांब शेपटाला मान, एवढं दाखवलं तरी फरक कळतो.

नावाचं म्हणाल तर हिंदीत फेंटा कमरेला गुंडाळतात तोही आणि डोक्याचाही, कानडीत पेटा, आता कोणी कोणाचं उचललं काय सांगणार, 18व्या शतकात शिंदे-होळकरांच्या फौजा राजपुतान्यात (आजच्या राजस्थानात) कित्येक वर्षं ये-जा करत होत्या, डोक्यावरचं तेवढं बदललं नसेल? आणि मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपाच्या, कार्ल्याच्या लेण्यांतल्या शिल्पांत 2000 वर्षांपूर्वीचे पुरुष डोक्याला गुंडाळूनच उभे आहेत, तेव्हा कुठलं मारवाडी आणि कुठलं मराठी.

कोणीतरी पुणेरी पगडी मध्ये आणेलच. तिला 2009 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय खरं, पण ती तयार शिवलेली असते, बांधायची नसते, तो विषय वेगळा.

तरीही कोणी ऐकत नसेल तर त्यालाच खुर्चीत बसवून फेटा बांधायला घ्या. एक टोक त्याच्याच दातात द्यायचं.