थंड पाण्यातला चहा: कुठली पत्ती, किती पाणी, किती तास

एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी तीनला उकळता चहा नकोसा होतो, पण तलफ काही जात नाही. मग कोरा चहा उकळून, गार करून त्यात बर्फ टाकला जातो. तो बहुधा गढूळ आणि तुरट होतो आणि ते झाकायला साखर-लिंबू वाढवत जावं लागतं. पत्ती पहिल्यापासून गार पाण्यातच भिजवली तर दोन्ही तक्रारी राहत नाहीत.

याचं कारण पत्तीतच आहे. तुरटपणा देणारी कॅटेचिनं आणि कडवटपणा देणारं कॅफीन गरम पाण्यात झपाट्याने उतरतं, गार पाण्यात कमी आणि सावकाश. चहाला गोडसर, भरीव चव देणारी अमिनो आम्लं मात्र गार पाण्यातही सहज विरघळतात. उकळलेला काळा चहा गार होताना त्यातली रंगद्रव्यं आणि कॅफीन एकमेकांना धरून पाण्याबाहेर पडतात, म्हणून तो दुधट दिसतो. गार भिजवलेला चहा स्वच्छ राहतो. रात्रभरात बऱ्यापैकी कॅफीन उतरतंच, त्यामुळे झोपताना पिण्याचं हे पेय नव्हे.

मूळ कृती

एक लिटर पाण्याला १० ग्रॅम पत्ती. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं. घट्ट झाकणाची काचेची बाटली किंवा बरणी गरम पाण्याने धुऊन घ्या. पत्ती आधी, पाणी नंतर, आणि पाणी गळ्यापर्यंत भरा. वर हवा कमी राहिली की हिरव्या चहाचा रंग लवकर तपकिरी होत नाही. झाकण लावून बाटली फ्रीजच्या आतल्या फळीवर ठेवा. दारात ठेवू नका, तिथलं तापमान सारखं वर-खाली होतं. आत ४-५ अंश सेल्सियस असावं.

पत्ती तळाशी बसते आणि उतरलेला अर्कही तिथेच साचतो. म्हणून मध्ये एकदा बाटली हळूच उलटी करून पुन्हा सरळ करा. जोरात हलवू नका, पत्तीचा चुरा होतो. वेळ झाली की (ती पत्तीप्रमाणे बदलते, पुढे दिली आहे) आधी साध्या गाळणीतून आणि मग ओल्या मलमलीतून गाळा. फडक्यातला चोथा पिळायचा नाही, आपसूक निथळू द्यायचा. पिळलं की सगळा बारीक गाळ आणि तुरटपणा शेवटच्या दोन घोटांसाठी खाली येतो.

दहा ग्रॅम मोजायला छोटा वजनकाटा असलेला बरा, कारण चमचा इथे फसवतो. सीटीसीचा, म्हणजे रोजच्या दाणेदार चहाचा, सपाट चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो, लांब पानाच्या दार्जिलिंगचा जेमतेम दोन, आणि घट्ट गोळ्या वळलेल्या ऊलाँगचा (हिरव्या आणि काळ्याच्या मधला चहा) त्याहून बराच जास्त. चमच्यावर विसंबून पत्ती बदलली की एकदा चहा पाणचट होतो, एकदा जहाल.

पाणी

खडकवासल्याचं नळाचं पाणी चहाला चांगलं आहे, फार जड नाही. वाघोली, हिंजवडीसारख्या भागांत जिथे टँकर किंवा बोअरवर भिस्त आहे, तिथलं पाणी बहुधा जड असतं. जड पाण्यात चहा मळकट दिसतो, वर पातळ तवंग येतो आणि दार्जिलिंगचा वास तर दबूनच जातो. तिथे फिल्टरचं पाणी घ्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी पुरवठा बंद असला, की शुक्रवारी सकाळी येणारं पहिलं गढूळ पाणी चहासाठी भरू नका.

कुठली पत्ती

थंड चहासाठी सगळ्यात कौतुकाची पत्ती म्हणजे दार्जिलिंगची पहिल्या तोडीची, मार्च-एप्रिलमधली. ती दिसायला हिरवट असते आणि आठ तासांनीही पाण्याला फिका सोनेरी रंगच देते. इथेच पुणेकराचा हात अडखळतो: रंग आला नाही म्हणून अजून चार तास ठेवला जातो आणि फुलासारखा वास जाऊन पालेभाजीचा वास येतो. रंग बघू नका, चव घ्या. सहाव्या तासाला एक चमचा चाखा, मग दर तासाला. मे-जूनच्या दुसऱ्या तोडीला जास्त दम असतो. तिला आठ ते दहा तास द्या, पिकलेल्या द्राक्षासारखी चव उतरते.

निलगिरीचा लांब पानाचा चहा स्वस्तात मिळणारा उत्तम पर्याय आहे. तो गार झाला तरी सहसा गढूळ होत नाही, म्हणून लिंबू घालून प्यायला हाच आणावा. आठ तास पुरतात. आसामचा लांब पानाचा चहा दणकट असतो. आठ ग्रॅमच घ्या आणि सहा तासांत गाळा.

हिरव्या चहात हिमाचलचा कांग्रा सहज मिळतो आणि गार पाण्यात छान खुलतो. त्याला चार ते सहा तास बस. बारीक पानाचा जपानी सेंचा दोन-तीन तासांतच तयार होतो. ऊलाँगच्या गोळ्या मात्र गार पाण्यात लवकर उलगडत नाहीत. त्यांच्यावर आधी बुडतील इतकं उकळतं पाणी ओतून दहा सेकंदांत काढून टाका, मग गार पाणी भरून दहा-बारा तास ठेवा. गाळताना गोळीचं अख्खं पान झालेलं दिसायला हवं. मधे अजून घट्ट गाठ असेल तर आणखी दोन तास द्या.

टी-बॅगमध्ये बारीक चुरा असतो. लिटरला पाच बॅगा, दोन-तीन तास.

आणि आपली रोजची सीटीसी? तिची पानं दातेरी रुळांतून चिरडून दाणे केलेली असतात, दुधात उकळल्यावर झटकन रंग आणि कस उतरावा म्हणून. गार पाण्यात रात्रभर ठेवली तर गाळ आणि तुरटपणाच जास्त येतो. वापरायचीच असेल तर लिटरला सहा ग्रॅम, दोन तास, आणि दुहेरी मलमल.

दुधाचा थंड चहा हवा असेल तर गार भिजवण्याचा हट्टच सोडा. तीन वाट्या पाणी घ्या, साधारण ४५० मिली. त्यात ठेचलेलं आलं आणि दोन वेलदोडे घालून पाच मिनिटं उकळा. गॅस बंद करून १५ ग्रॅम सीटीसी टाका, चार मिनिटं झाकून ठेवा, गाळा, साखर गरम असतानाच विरघळवा. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि मग एक वाटी गार, आधी तापवलेलं दूध घाला. आलं पाण्यातच नीट उकळायला हवं. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, ते उकळल्यावर निकामी होतं.

बर्फावरचा चहा

ही जपानी पद्धत, आणि चांगल्या हिरव्या चहासाठी तिच्याइतकी सुंदर दुसरी नाही. रुंद काचेच्या भांड्यात आठ ग्रॅम पत्ती पसरा, वर पाव किलो बर्फ ठेवा आणि झाका. बर्फ वितळत जातो तसा चहा उतरत जातो. वितळला की लगेच गाळून छोट्या कपात प्या. चहा दाट, जवळजवळ सुपासारखा लागतो, म्हणून एका वेळी अर्धा कप पुरे. बर्फ उकळलेल्या पाण्याचा, घरचाच हवा. गाडीवरच्या लादीचा नको.

बिघडतं कुठे

बरणी उन्हात ठेवून चहा करण्याची पद्धत वापरू नका. पाणी कोमट होतं, जंतू मारण्याइतकं तापत नाही, आणि तासन्‌तास त्याच कोमट पाण्यात जंतू वाढतात. पुण्याच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेल्या बाटलीलाही हेच लागू. गाळलेला चहा फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा. वीज जाऊन फ्रीज कोमट झाला असेल, चहाला तार सुटली असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर चव बघायच्या भानगडीत न पडता ओतून द्या.

चहाला कांद्या-लसणाचा वास येत असेल तर दोष झाकणाचा. चहा शेजारचे वास पटकन धरतो. लोणच्याची जुनी बरणी कितीही घासली तरी या कामाची नाही.

सोबत काय

गार चहात साखर लवकर विरघळत नाही. २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाणी एक उकळी आणून ठेवा, तार येऊ देऊ नका. ग्लासाला दोन चमचे पुरतात. लिंबू ग्लासातच पिळा, सालीसकट चकत्या बाटलीत टाकल्या तर काही तासांत कडवट होतात. लिंबामुळे काळ्या चहाचा रंग एकदम फिका पडतो, तो आम्लाचा परिणाम आहे. चहा पातळ झालेला नसतो. निलगिरीच्या ग्लासात चमचाभर कोकमाचं आगळ फार छान लागतं, पण आगळात मीठ असतं, तेव्हा वेगळं घालू नका.

मंडईत गवती चहाची जुडी बाराही महिने दिसते. ती कच्ची गार पाण्यात टाकू नका: धुऊन, कात्रीने कापून, सात-आठ पाती दोन वाट्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवा आणि गार करून तयार चहात मिसळा. पुदिना, तुळस, अंबाडीची सुकी बोंडं यांनाही आधी उकळतं पाणीच दाखवायचं.

दार्जिलिंग आणि ऊलाँगचा गाळून उरलेला चोथा लगेच टाकू नका. त्यात बरंच शिल्लक असतं. त्याच वेळी त्यावर दोन कप उकळतं पाणी घालून तीन मिनिटं ठेवलं, तर बिनदुधाचा गरम चहाही होतो.