डेंग्यूचं किट बनवायचंय? आधी नमुन्यांकडे जा

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ हे प्रथिन (प्रतिजन) आहे का, हे रेघ उमटवून सांगणारी पट्टी बनवणाऱ्या आमच्या चौघांच्या चमूत रुग्णांच्या रक्ताचे नमुने मिळवणं, त्यांची नोंद ठेवणं आणि पट्टीची परीक्षा घेणं हे माझ्याकडे होतं. एमएस्सी होऊन बाहेर पडलेली मुलं हल्ली विचारतात, "ताई, आम्हालाही किट करायचंय, पुण्यात सुरुवात कुठून करू?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे. पुण्यात लागणारी माणसं रिक्षाच्या अंतरावर आहेत, पण त्यांच्याकडे जायचा क्रम चुकला तर अख्खा पावसाळा हातचा जातो. आमचा गेला.

आधी नकाशा डोक्यात बसवा. डॉ. आंबेडकर रस्त्यावर राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. १९५२ मध्ये ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि पाचच वर्षांत तिने क्यासनूर जंगलज्वराचा विषाणू शोधला. तिचं दुसरं आवार पाषाणला आहे, अतिधोकादायक विषाणूंची बीएसएल-४ (सर्वांत कडक सुरक्षेची) प्रयोगशाळा तिथे. पाषाणच्याच रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल आणि विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर शेजारी शेजारी. विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञान केंद्र, भोसरीला एड्स संशोधनाची, पूर्वी 'नारी' म्हणून ओळखली जाणारी संस्था, स्टेशनजवळ ससून रुग्णालय आणि बीजे वैद्यकीय महाविद्यालय. लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट हडपसरला. मार्च २०२० मध्ये मायलॅब या कंपनीच्या मिनल दाखवे-भोसले यांच्या चमूने कोविडचं आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारं) किट सहा आठवड्यांत उभं केलं आणि ते तपासायला गेलं एनआयव्हीतच. बनवणारे आणि पारखणारे एकाच शहरात असले की दिवस असे वाचतात.

आता क्रम. आम्ही आधी अनुदानाचा अर्ज लिहिला, मग पट्टी बनवली आणि नमुने शोधायला ऑक्टोबरात निघालो. तुम्ही उलटं करा. पहिली भेट रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला द्या. प्राध्यापकांची परवानगी घ्या आणि मग चार दिवस तंत्रज्ञांच्या मागे नुसते उभे राहा. काही विकू नका, काही दाखवू नका, बघा.

मला एका सरकारी रुग्णालयातल्या तंत्रज्ञ काकांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, पट्टीवर घड्याळ लावून बसायला इथे सवड नसते. तुमची पंधरा मिनिटं आमच्याकडे पंचेचाळीस होतात." आमची पट्टी पंधराव्या मिनिटाला स्वच्छ होती. पंचेचाळिसाव्या मिनिटाला मात्र निगेटिव्ह नमुन्यांवरही फिकट रेघ उमटायची, कारण पट्टी सुकताना रेघेला रंग देणारे सोन्याचे सूक्ष्म कण मागे सरकत होते. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक पट्टी १५, ३० आणि ६० मिनिटांनी वाचायला लागलो. ही गोष्ट कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये मला सापडली नव्हती.

तिथेच दुसरी गोष्ट कळते: तापाचा दिवस. एनएस१ पहिल्या दिवसापासून रक्तात असतं आणि पाचव्या-सातव्या दिवसानंतर ओसरतं. ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय त्याच्यात ते आणखी लवकर नाहीसं होतं. विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती आयजीएम अँटीबॉडी साधारण पाचव्या दिवशी दिसायला लागते. आणि आपली माणसं येतात कधी? दोन दिवस घरची गोळी, दोन दिवस गल्लीतले डॉक्टर, मग रुग्णालय. म्हणजे नुसत्या एनएस१ची पट्टी केली तर सर्वांत गरजू रुग्ण तिच्या हातून सुटतील. म्हणून नोंदवहीत 'ताप कधीपासून' हा रकाना नावाच्याही आधी हवा. तो रिकामा असेल तर तो नमुना तुमच्या कामाचा नाही, कितीही मोह झाला तरी.

नमुने गोळा करण्याला मी सर्वांत जास्त वेळ देते, इथेही देणार आहे. डेंग्यूचा हंगाम जुलै ते नोव्हेंबर. रुग्णांचे नमुने वापरायला लागणारी रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी यायला आम्हाला तीन महिने लागले. म्हणजे अर्ज फेब्रुवारीत जायला हवा, मेपर्यंत संमतिपत्रं मराठीत छापून तयार हवीत. तपासणीनंतर उरलेलं, ओळख काढून टाकलेलं सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) वापरणार असलात तरी कमिटीला लेखी विचारा, स्वतःच ठरवू नका.

सीरम मिळालं की त्याच दिवशी छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशाला ठेवा. एकच मोठी नळी ठेवून दर वेळी वितळवली की प्रतिजन बिघडतं आणि दोष पट्टीला लागतो. आमचे चाळीस नमुने असे वाया गेले. लेबल पेनने लिहू नका, गारठ्यात शाई निघते. थंडीत टिकणारी छापील लेबलं घ्या.

पॉझिटिव्ह नमुन्यांइतकेच निगेटिव्ह गोळा करा, आणि तेही निरोगी माणसांचेच नकोत. चिकुनगुन्या, मलेरिया, टायफॉइड, संधिवातात आढळणारा, चाचणीला फसवू शकणारा आरए घटक असलेलं रक्त, गरोदर बायकांचं रक्त, हे सगळं हवं. झिका विसरू नका. २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला आणि हा विषाणू डेंग्यूचा सख्खा नातलग आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चारही सीरोटाइप (उपप्रकार) पट्टीने ओळखायला हवेत. सीरोटाइप ठरवायला आरटी-पीसीआर लागतं, ते तुमच्याकडे नसेल तर हातात नमुन्यांची यादी घेऊन संशोधन संस्थेकडे जा. नीट भरलेली नोंदवही पाहिली की मोठे शास्त्रज्ञही वेळ देतात, हा माझा अनुभव आहे.

जागा आणि यंत्रं यांसाठी एनसीएलच्या परिसरातलं व्हेंचर सेंटर बघा, २००७ पासून ते नव्या कंपन्यांना बाकं, उपकरणं आणि सल्ला देतं. पट्टी जिथे जोडता त्या खोलीतली आर्द्रता मात्र स्वतः मोजा. जुलैच्या एका आठवड्यात एका वेळी बनवलेल्या पट्ट्यांचा आमचा संपूर्ण लॉट मंदावला, कारण पट्टीतल्या नायट्रोसेल्युलोजच्या पडद्याने हवेतला ओलावा धरला होता. खोली कोरडी ठेवणारं यंत्र, सिलिका जेल आणि सीलबंद फॉइलचं पाकीट यांत काटकसर करू नका.

पैसे आता. जैवतंत्रज्ञानातल्या नव्या कंपन्यांना मदत करणाऱ्या बिरॅक या सरकारी संस्थेचं 'बिग' अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत असतं. अर्जात शंभर नमुन्यांवरचे स्वतःचे निकाल जोडता आले तर मुलाखतीचा रंगच बदलतो.

परवान्याचं काम कंटाळवाणं वाटतं, पण वेळेत करा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग. पहिल्या दोघांचा उत्पादन परवाना राज्याकडे, पुढच्या दोघांचा केंद्राकडे. तुमची पट्टी कोणत्या वर्गात येते ते सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियामक संस्थेच्या यादीत पाहा आणि मगच पुढची पावलं आखा. सर्वांत आधी लागतो एमडी-१३, म्हणजे चाचणीपुरतं उत्पादन करण्याचा परवाना. तो हातात नसताना बनवलेला लॉट मूल्यमापनाला, म्हणजे अधिकृत प्रयोगशाळेच्या तपासणीला, पाठवता येत नाही, आणि अनेक जण नेमके इथे अडकतात. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता मानकाची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून लिहीत जा. नंतर आठवून लिहिलेली नोंद तपासनीसाला लगेच ओळखू येते.

मूल्यमापनाला पाठवण्याआधी एक गणित कागदावर मांडा. समजा पट्टीची संवेदनशीलता (डेंग्यू असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) ९५ टक्के आणि विशिष्टताही (डेंग्यू नसलेल्यांना 'नाही' सांगण्याचं प्रमाण) ९५ टक्के. तापाच्या १,००० रुग्णांत ५० जणांना खरा डेंग्यू आहे. पट्टी त्यातले ४७-४८ पकडेल. उरलेल्या ९५० जणांतही ती ४७-४८ जणांना डेंग्यू सांगेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दोघांतल्या एकाला डेंग्यू नाहीच! हाच रुग्णालयातला ऐन साथीचा आठवडा असेल आणि ५०० जणांना डेंग्यू असेल, तर तीच पट्टी पॉझिटिव्ह म्हणेल तेव्हा शंभरात ९५ वेळा बरोबर असेल. पाकिटातल्या माहितीपत्रकात हे साध्या मराठीत लिहा. डॉक्टरांना ते हवं असतं.

परवाना मिळाल्यावरही त्या पहिल्या प्रयोगशाळेशी नातं तोडू नका. आम्ही प्रत्येक नव्या लॉटच्या २५ पट्ट्या काकांकडे पाठवतो. ते त्या मुद्दाम तासभर टेबलावर पडू देतात, मग वाचतात आणि निकाल फोनवर कळवतात.